आधी पूर्वपक्ष

बदलापूरला पश्चिमेला उतरलं की सोनिवलीची रिक्षा मिळते. एके काळचं हे वेगळं गाव आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. भाताची खाचरं गेली, इमारती आल्या आणि मुंबईत घर न परवडणारी माणसं पहाटेची लोकल गाठायच्या तयारीनं या भागात राहायला आली. मीही त्यांतलाच एक. सोनिवलीत नगरपरिषदेनं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभारलं आहे. घरी पाहुणे आले की मी त्यांना ते आवर्जून सांगतो, कारण बाबासाहेबांचा आणि बदलापूरचा संबंध बदलापूरकरांनाही फारसा ठाऊक नसतो.

३ मे १९२७ रोजी बाबासाहेब बदलापूरला आले होते. इथल्या शिवजयंती उत्सवाचे ते अध्यक्ष होते. निमंत्रणामागे बदलापूरचे पालयेशास्त्री होते. त्या तारखेकडे जरा थांबून पाहावं. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते २० मार्चला. त्याच दिवशी तिथल्या परिषदेहून परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ या त्यांच्या पत्राचा पहिला अंक निघाला. महाडला दीड महिनाही झाला नव्हता, आणि एका ब्राह्मण शास्त्र्याच्या बोलावण्याला मान देऊन हा माणूस बदलापूरच्या उत्सवात अध्यक्षपदी बसला. समोर सगळे आपलेच नाहीत हे माहीत असताना आपली बाजू मांडायला उभं राहायचं, आणि ऐकणाऱ्यानं उठून जाऊ नये इतकी ती नीट मांडायची, ही विद्या त्यांनी कमावली होती. ती कशी कमावली, आणि आपल्याला ती का येत नाही, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या डोक्यात आहे.

याचं कारण स्मारकापेक्षा जवळचं आहे. आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. अजेंड्यावर पाणी असतं आणि पार्किंग असतं. ‘बी विंगवाले पाणी जास्त वापरतात’ असं ए विंगमधले काका म्हणतात. बी विंगमधले दादा उठून म्हणतात, ‘तुमचा मेंटेनन्स सहा महिने थकलाय, तुम्ही बोलूच नका.’ मग तिसऱ्या कुणाचा आवाज चढतो, चौथा खुर्ची सरकवून निघून जातो, आणि सेक्रेटरी मिनिट्समध्ये ‘पाण्याबाबत सविस्तर चर्चा झाली’ असं लिहितात. दोन्ही विंगना वेगळे मीटर बसवून महिनाभर आकडे घेऊ, असं कुणी म्हणत नाही. माणसं वाईट नाहीत. आजारपणात हेच काका आणि हेच दादा मध्यरात्री गाडी काढून एकमेकांना दवाखान्यात नेतात. पण मतभेद झाला की दोघांच्या हाताशी एकच हत्यार असतं, ते म्हणजे समोरचा माणूस कसा नालायक आहे हे सांगणं.

शाळेत तरी वेगळं चित्र असावं म्हणून वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जात आलो. तिथं मुलं तयारीनं येतात. ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून सुरुवात करतात, हातवारे बसवलेले असतात, कुठं आवाज चढवायचा आणि कुठं क्षणभर थांबायचं तेही ठरलेलं असतं. अनुकूल बाजूचा मुलगा पाच मिनिटं बोलतो, मग प्रतिकूल बाजूची मुलगी पाच मिनिटं बोलते. ती आधीच्या मुलाच्या एकाही मुद्द्याला हात लावत नाही, कारण तिचं भाषण सरांनी किंवा आईनं चार दिवस आधीच लिहून दिलेलं असतं. दोघंही छान बोलतात, दोघांनाही ढाल मिळते. वाद मात्र झालेला नसतो. ‘बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही’ ही म्हण आपण मुलांना ऐकवतो, आणि तिच्यात मातीला सोन्याच्या भावानं खपवण्याचं कौतुक आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

बाबासाहेबांनी ही विद्या कुठं गिरवली ते पाहायचं तर १९१६ सालच्या न्यूयॉर्कला जावं लागतं. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. ज्या जातिव्यवस्थेनं साताऱ्याच्या आठवणी कडवट केल्या, तिच्याबद्दल बोलायचं होतं. संतापानं सुरुवात केली असती तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या व्याख्यांपासून. फ्रेंच विद्वान सेनार काय म्हणतात, नेसफील्ड काय म्हणतात, सर एच. रिस्ले काय म्हणतात, आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर काय म्हणतात. मराठी वाचकाला ज्ञानकोशामुळे माहीत असलेल्या या केतकरांनी त्याआधी काही वर्षं अमेरिकेतच राहून जातींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता.

या चौघांपैकी केतकरांची व्याख्या सर्वांत विचारात घेण्याजोगी, असं त्यांनी मोकळेपणानं म्हटलं. मग तिच्यातली फट दाखवली. केतकरांनी जातीची दोन लक्षणं दिली होती, जन्मानं मिळणारं सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणाले, ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की जन्माशिवाय आत यायला दार उरतच नाही. ही मांडणी वाचताना मला दरवेळी आनंद होतो. समोरच्याचं मत त्यालाही मान्य होईल इतक्या नीट शब्दांत सांगायचं, त्यातलं बळकट काय आहे त्याची कदर करायची, आणि मग नेमक्या एका ठिकाणी बोट ठेवायचं. निबंधाच्या शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आपला सिद्धान्त टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर तो सोडून द्यायला आपण तयार आहोत, असं स्वच्छ सांगितलं. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रांत या रीतीला नाव होतं. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. भाष्यकार आपलं मत सांगण्याआधी विरोधकाचं मत मांडत, आणि ते लेचंपेचं करून मांडणं हा कमीपणा समजला जाई. न्यायशास्त्रानं चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले होते. खरं काय ते शोधण्यासाठी करतात तो वाद. फक्त जिंकण्यासाठी करतात तो जल्प. स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसणं म्हणजे वितंडा. तिन्हींपैकी मराठीत आपण रोजच्या वापरात कोणता शब्द ठेवला? वितंडवाद. आणि ‘वाद’ या शब्दाचा अर्थ बदलत बदलत भांडणाशी येऊन थांबला. घरात मूल ‘पण का?’ असं म्हणालं की ‘वाद घालू नकोस’ म्हणून आपण त्याला गप्प करतो, ते याच शब्दानं. शिवाय हेही सांगितलं पाहिजे की ही शास्त्रं ज्या पाठशाळांत शिकवली जात, तिथं बहुसंख्य समाजाला आणि सगळ्या स्त्रियांना दार बंद होतं. ज्यांना ती रीत शिकू दिली नाही त्यांच्यातल्याच एकानं ती सर्वांत काटेकोरपणे पाळली, हे मला फार मोठं वाटतं.

त्यांच्याही आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं होतं. त्या काळी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून सगळ्या स्त्रीजातीवर टीका चालली होती. ताराबाईंची रीत अशी की स्त्रियांवर जे जे दोष लादले जातात ते एकेक घ्यायचे आणि विचारायचं, हा दोष पुरुषात नाही का? पुस्तकाच्या नावातच तुलना आहे. एकच माप दोघांना लावा, एवढी साधी मागणी, आणि तिला उत्तर देणं भल्याभल्यांना जमलं नाही.

पण कागदावर तर्क मांडणं वेगळं आणि हजारोंच्या जमावापुढे उभं राहून मांडणं वेगळं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली, तो प्रसंग मला या विषयातला सर्वांत अवघड धडा वाटतो. तळ्यावर पुन्हा जायचं ठरलं होतं. लोक गावोगावहून त्याच तयारीनं आले होते. पण परिषदेच्या काही दिवस आधी स्पृश्यांपैकी काहींनी महाडच्या कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. तळं ही खासगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांनी तिथं जायचं नाही ही पूर्वापार रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं. परिषदेत सत्याग्रहाचा ठराव आला, लोक बाजूनं बोलले, विरोधातही बोलले. कलेक्टर येऊन विनवून गेले. सभा पेटलेली होती. हुकूम मोडायचाच, असा बहुतेकांचा कल होता आणि त्यासाठी नावं नोंदवली गेली होती.

त्या लोकांपुढे दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलायची बाजू मांडली. टाळ्या कशानं मिळतील हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? आपल्या हक्कासाठी जीव द्यायला निघालेल्या माणसांना ‘आत्ता नको’ हे पटवायचं होतं. लढाई ज्यांच्याशी आहे त्यांना बाजूला ठेवून सरकारशी भांडण ओढवून घेतलं, तर विरोधकांचंच काम सोपं होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. लोकांना ते जड गेलं, पण पटलं. सत्याग्रह तहकूब झाला आणि हजारोंची मिरवणूक शांतपणे शहरातून फिरली. विरोधकाला निरुत्तर करणं त्यामानानं सोपं असतं. आपल्याच माणसांना, ती चिडलेली असताना, त्यांना नको असलेली गोष्ट पटवून देण्यात बोलणाऱ्याचा कस लागतो. आज ही हिंमत मला कुठल्याच पक्षाच्या, कुठल्याच समाजाच्या व्यासपीठावर सहसा दिसत नाही.

मग कोर्टातली लढाई सुरू झाली. ती किती चालली ते ऐका. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टानं निकाल दिला, तो अस्पृश्यांच्या बाजूनं. त्यावर अपील झालं ते आपल्या ठाण्याच्या कोर्टात, आणि १९३३ मध्ये तेही फेटाळलं गेलं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा शब्द दिला. नऊ वर्षं आणि तीन महिने. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत ब्रूमफील्ड होते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावली होती तेच.

सगळा खटला एका प्रश्नाभोवती फिरत होता. अस्पृश्यांनी तळ्यावर यायचं नाही ही रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असं दावा लावणाऱ्यांचं म्हणणं होतं. तर मग ते तुम्ही सिद्ध करा. ज्याचा दावा, त्याचा पुरावा. साक्षीदारांनी आपापल्या आठवणीतलं सांगितलं, पण माणसाची आठवण मागे मागे किती जाणार? रूढी इतकी प्राचीन आहे हे न्यायालयापुढे ठरलं नाही, आणि तळं त्या मंडळींच्या खासगी मालकीचं असल्याचंही ठरलं नाही. ‘पूर्वापार चालत आलंय’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो! ‘कधीपासून? कशावरून?’ एवढं विचारलं की त्यातली निम्मी वाक्यं तिथंच बसतात. आमच्या सभेतल्या ‘बी विंगवाले पाणी जास्त वापरतात’ला हाच प्रश्न लागू आहे.

हा प्रश्न विचारणं माणसाला जात्या सुचत नाही, याचा पुरावाही आहे. लंडनच्या पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये चार पत्त्यांचं एक कोडं तयार केलं. ते मराठी अक्षरांत असं करता येईल. टेबलावर चार पत्ते आहेत, त्यांवर ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’ दिसतात. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा सांगितला आहे की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. नियम खरा की खोटा हे पाहायला नेमके कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात. उत्तर आहे ‘अ’ आणि ‘७’. ‘४’च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. ‘७’च्या मागे स्वर निघाला तर मात्र तो मोडतो. आपलं मन नियमाला दुजोरा देणारा पत्ता शोधतं, नियम मोडू शकेल अशा पत्त्याकडे त्याचा हात जात नाही.

एकट्यानं सोडवायला दिलं की दहातल्या जेमतेम एकाला हे उत्तर येतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना गटात बसवून एकमेकांशी बोलू दिलं, तेव्हा चारांतले तीन गट बरोबर उत्तरापर्यंत पोचले. एकानं ‘४’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘का?’ विचारायचं, आणि उत्तर देता देता पहिल्यालाच आपली चूक सापडायची. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये अशा अभ्यासांवरून असं मांडलं की माणसाची तर्कबुद्धी एकट्यानं बसून सत्य शोधण्यासाठी घडलेलीच नाही, ती दुसऱ्याला पटवण्यासाठी आणि दुसऱ्याचं म्हणणं पारखण्यासाठी घडली आहे. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. एकट्यानं दिवसरात्र वाचत बसून विचार करणारी माणसं आपण पाहिली आहेत, आणि या लेखाचा नायक त्यांच्यातलाच आहे. पण एक गोष्ट उघड आहे. ज्या घरात ‘का?’ विचारायला बंदी आहे, तिथल्या माणसाला स्वतःच्या चुका सापडायची वाटच बंद होते.

एकट्यानं विचार करतानाही बाबासाहेब विरोधकाला शेजारी बसवून घेत, हे त्यांच्या पुस्तकांच्या रचनेवरूनच दिसतं. १९४० मध्ये पाकिस्तानच्या मागणीवर त्यांनी पुस्तक लिहिलं. पहिला भाग पाकिस्तानसाठी मुसलमानांची बाजू. दुसरा भाग पाकिस्तानविरुद्ध हिंदूंची बाजू. स्वतःचं विवेचन त्यानंतर. १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचं उच्चाटन’ हे न झालेलं भाषण त्यांनी छापलं, गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची टीका छापली आणि तिच्यापुढे आपलं उत्तर दिलं. वाचकानं दोन्ही वाचावं आणि ठरवावं. आपल्या पुस्तकात आपल्यावरची टीका अशी सन्मानानं छापणारे लेखक आज किती सापडतील?

संविधान सभेतला १७ डिसेंबर १९४६ चा दिवस याच मालिकेतला. पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी उपसूचना आणली की मुस्लिम लीग आणि संस्थानं सभेत येईपर्यंत ठराव लांबवावा. काँग्रेसच्या सभासदांना ती मुळीच आवडली नव्हती. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी बाबासाहेबांचं नाव अचानक पुकारलं. आपल्याआधी वीस-बावीस वक्ते आहेत असं समजून ते बसले होते. सभागृह काँग्रेसचं, आणि हे काँग्रेसचे कडवे टीकाकार. त्यांनी ठरावातल्या उणिवा सांगितल्या. हक्क दिले, पण हक्क मोडले तर दाद कुठं मागायची ते सांगितलं नाही, हे दाखवलं. मग जयकरांच्या सूचनेकडे वळले आणि म्हणाले की असा ठराव करायचा सभेला अधिकार आहे का, हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो, अधिकार आहे असं धरून चालू. प्रश्न इतकाच आहे की आत्ता तो करणं शहाणपणाचं आहे का. समोरच्यांचा सगळ्यांत आवडता मुद्दा त्यांनी मान्य करून टाकला, आणि भांडायला उरलं तेवढंच जे खरोखर विचार करण्याजोगं होतं. मतदान जानेवारीवर गेलं. ठराव मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ ला. त्यानंतर सात महिन्यांनी हाच टीकाकार मसुदा समितीचा अध्यक्ष झाला.

ही विद्या शिकवता येते, यावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांनी मुंबईत प्रशिक्षण विद्यालय सुरू केलं. विद्यार्थी पंधरा. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि पुढच्या काही महिन्यांत ते विद्यालयही बंद पडलं. त्यांचे पुतळे गावोगाव झाले, ते व्हायलाच हवे होते. त्या पंधरा बाकांची शाळा पुन्हा उभी करायचं मात्र राहून गेलं.

महाराष्ट्राला व्याख्यानांची उणीव कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते, आणि तिच्या वाटेनं गावोगावी माला निघाल्या. बदलापुरात ‘ग्रंथसखा’सारखं लाखो जुनी-नवी मराठी पुस्तकं जपणारं वाचनालय आहे. ऐकायची सोय आहे, वाचायचीही आहे. ऐकलेलं आणि वाचलेलं दुसऱ्यापुढे ठेवून, त्याच्या ‘का?’ला तोंड देऊन पारखायची जागा तेवढी नाही. आणि त्यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही.

गेल्या दोन स्पर्धांत आयोजकांना विनंती करून मी एक बदल करून पाहिला. विषय आधी कळवायचा, पण बाजू ऐन वेळी चिठ्ठी टाकून ठरवायची. आणि प्रत्येकानं स्वतःचं बोलण्याआधी आधीच्या वक्त्याचं म्हणणं दोन वाक्यांत सांगायचं. त्या वक्त्यानं ‘हो, मी हेच म्हणालो’ असं म्हटलं तरच पुढं जायचं. पहिल्या फेरीत मुलं गडबडली, पाठ केलेलं सगळं निरुपयोगी झालं. दुसऱ्या फेरीत ती एकमेकांचं बोलणं ऐकू लागली. वहीत टिपणं काढू लागली. सातवीतली एक मुलगी समोरच्या मुलाला म्हणाली, ‘तुझा दुसरा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावरून पहिला सिद्ध होत नाही.’ मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

३ मे २०२७ ला बाबासाहेबांच्या बदलापूर भेटीला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी हार घातले जातील, भाषणं होतील, मिरवणूक निघेल. माझी नगरपरिषदेला, शाळांना आणि सोनिवलीच्या, कुळगावच्या, बेलवलीच्या मंडळांना हात जोडून विनंती आहे की त्या दिवशी सोनिवलीच्या स्मारकाशी मुलांसाठी एक सतरंजी अंथरा. विषय बदलापूरचाच ठेवा. पाणी, लोकल, नदी, काहीही. बाजू चिठ्ठीनं ठरू द्या. तयारीला अजून वेळ आहे. ज्यांना मुलांबरोबर बसायचं आहे त्यांनी आपल्या जवळच्या शाळेत जाऊन आत्ताच बोलावं.